अपुरी प्रदक्षिणा

मी मुळात संशयी माणूस. ओमानमधल्या बरक्याजवळच्या एका कारखान्यात आलेला माल तपासून घेणं हे माझं काम. वीस वर्षं दुसऱ्यांची खोकी उघडून त्यात खोट शोधणाऱ्या माणसाचा स्वभाव घरी आल्यावर बदलत नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणाचंच बोलणं मला एका फटक्यात पटत नाही. देवाच्या बाबतीतही तेच. हात जोडतो, पण एक डोळा उघडा ठेवून. म्हणून हा अनुभव लिहिताना संकोच वाटतो आहे. असलं लिखाण दुसऱ्या कोणाचं असतं, तर मीच त्यात दहा शंका काढल्या असत्या.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, पोटातली गाठ काढली. गाठ कसली आहे ते कळायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत कोणाला न सांगता मी गावच्या देवीला नवस बोललो. आमची देवी टेकडीवर असते. तिचा नवस फेडायचा तर देवळाची नव्हे, अख्ख्या टेकडीची प्रदक्षिणा घालायची; जोडीनं, टेकडी उजव्या हाताला ठेवून. गाठ साधी निघाली, पण नंतर गावी जायला रजा काही मिळेना. वर्ष उलटलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकू लागली. देवी नवस लक्षात ठेवून बसली असेल तर? दिलेलं परत घेतलं तर? वर्षाची तपासणी तोंडावर आली होती. शेवटी न राहवून मी सुलभाला सगळं सांगून टाकलं. ती हसली आणि म्हणाली, "अहो, मग इथल्याच एखाद्या डोंगराला घालू या. देवीला काय व्हिसा लागतो?"

डोंगर सुचवला शौकतभाईंनी. ते आमच्या कारखान्यात गाडी चालवतात, रत्नागिरीकडचे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर पालथे घालतात. नदीच्या दरीला इथे वादी म्हणतात. अशा दोन वाद्यांच्या मध्ये एक डोंगर आहे. एका वादीनं वर चढायचं, डोंगरामागचा उघडा माळ ओलांडायचा आणि दुसऱ्या वादीनं गाडीपाशी उतरायचं. "उजवीकडची वादी धरा आणि दगडांवरच्या खुणा बघत जा. यल्ला, पाच तासांत खलास," शौकतभाई म्हणाले होते. शुक्रवारी सकाळी तिथे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की उजवीकडून गेलं तर डोंगर डाव्या हाताला येतो. म्हणजे प्रदक्षिणा उलटी. शौकतभाईंनी हे मुद्दाम तर सांगितलं नाही ना, असाही एक क्षुद्र विचार मनात येऊन गेला. लिहायला शरम वाटते, पण आला. आम्ही डावीकडची वादी धरली. निघताना सुलभाची पर्स मी गाडीच्या सीटखाली दडवायला लावली. निर्जन जागी पर्स मिरवू नये असं माझं म्हणणं. तिला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. साखर उतरली तर तोंडात टाकायच्या गोळ्या त्याच पर्समध्ये होत्या. हे ना मला आठवलं, ना तिला.

वादीतली चढण सुखाची होती. खाली खजुरीच्या बागा, मग हिरव्या पाण्याचे डोह आणि त्यांच्या काठानं फुललेली कण्हेर. सुलभानं एक फूल डोंगराच्या दिशेनं वाहिलं आणि गाणं गुणगुणत पुढे निघाली. खूण मला एकही दिसली नाही, पण दरीत वाट चुकायला जागाच नव्हती. दोन तासांनी आम्ही माळावर आलो आणि माझं धाबं दणाणलं. कोकणातला सडा असतो तसा तो माळ, फक्त दहापट मोठा. दगड, खुरटी काटेरी झुडपं आणि वारा. प्रत्येक दिशा सारखीच दिसत होती. फोनला रेंज नव्हती. मी दगडामागून दगड न्याहाळत होतो आणि एकाही दगडावर रंगाचा ठिपका नव्हता. शौकतभाईंनी थापच मारली, अशी माझी आता खात्रीच झाली. तासभर आम्ही असेच भरकटलो.

तेवढ्यात लांबून अरबीत हाक आली, "या रफीक!", म्हणजे अरे मित्रा. एक म्हातारा ओमानी, डोक्याला शाल गुंडाळलेली, हातात काठी, मागे पाच-सहा शेळ्या. तो हात हलवत आमच्याच दिशेनं येत होता. माणूस दिसल्यावर वाट चुकलेल्याला बरं वाटायला हवं. मला भीती वाटली. याची जमीन असेल, भांडेल. इथे आम्ही दोघंच, ओरडलो तरी ऐकणार कोण? मी सुलभाचा हात धरून उलट्या बाजूला चालू लागलो. तो आणखी मोठ्यानं ओरडू लागला, तसा माझा संशय आणि आमचा वेग दोन्ही वाढले. "अहो, थांबा ना, तो काहीतरी सांगतोय," सुलभा म्हणत होती. मी ऐकलं नाही. थोड्या वेळानं ती बोलायची थांबली. वळून पाहिलं तर तिला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते आणि ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तशी पाहत होती. मग ती खालीच बसली. तिची साखर उतरली होती आणि गोळ्या खाली गाडीत, मीच दडवलेल्या.

पिशवीत फक्त पाण्याची बाटली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. त्या क्षणीसुद्धा मी देवीची प्रार्थना केली नाही, हे कबूल केलं पाहिजे. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडलो. प्रदक्षिणेला निघालेल्या माणसाच्या बायकोला वाटेत अडवतेस, हा कुठला न्याय? एवढ्यात म्हातारा धापा टाकत येऊन पोचला. सुलभाकडे पाहताच त्यानं शालीच्या गाठीतून खजूर काढले. माझ्या तोंडून "नो, नो" निघून गेलं. कसले खजूर, कुठले, कोणाच्या हातचे? तो माझ्यावर रागावला नाही. त्यानं एक खजूर बोटांनी उकलला, आतली बी काढली, आतून नीट बघितला आणि खाऊन टाकला. मग दुसरा तसाच उकलला, तोही आतून तपासला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी रोज आठ तास हेच करतो. फरक इतकाच की मी खोट शोधायला उघडतो आणि तो माझी खात्री पटावी म्हणून उघडत होता. मला रडू आलं. मी तो खजूर सुलभाला भरवला, मग आणखी तीन. पंधरा-वीस मिनिटांत तिच्या डोळ्यांत ओळख परत आली.

म्हाताऱ्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्यानं पुढे बोट दाखवलं. शंभर पावलांवर माळ संपत होता आणि खाली सरळ कडा होता. म्हणून तो ओरडत होता. मग त्यानं माझे खांदे धरून मला मागे वळवलं. आम्ही ज्या दगडांवरून आलो होतो, त्यांतल्या दूरच्या दोन-तीन दगडांच्या पाठीवर रंगाचे पट्टे ठळक दिसत होते. खुणा उजवीकडून येणाऱ्यांसाठी रंगवलेल्या होत्या. आम्ही आलो उलटे, म्हणून प्रत्येक दगडाची कोरी बाजूच आमच्या वाट्याला आली. सुलभानं त्याला आमच्या प्रदक्षिणेचं कारण सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, काठीनं हवेत एक गोल काढला आणि म्हणाला, "हम लोग मक्का में इधर से घूमता. तुम लोग उधर से. अच्छा है. लेकिन निशान इधर का है."

दुसऱ्या वादीची उतरण कठीण होती, सुलभाला झेपणारी नव्हती. आल्या वाटेनं परत जा, असं तो म्हणाला. म्हणजे प्रदक्षिणा अर्धीच राहणार होती. इथे माझा पाय अडला. कडा पाहून वाटली नव्हती एवढी भीती मला मागे वळताना वाटली. नवस मोडला आणि तिची गाठ पुन्हा आली तर? सुलभा माझ्या तोंडाकडे पाहत होती, तिला सगळं समजलं असावं. ती म्हणाली, "शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालतात ना? समजा हा डोंगर शंकराचा."

मी म्हटलं, "पण नवस देवीला बोललोय."

"मग ते नवराबायको आपसांत बघून घेतील. चला."

आम्ही वळलो. म्हाताऱ्यानं आम्हाला वादीच्या तोंडापर्यंत पोचवलं. अशा गोष्टींत पुढे मदत करणारा माणूस अदृश्य होतो. हा झाला नाही. मी तीनदा वळून पाहिलं आणि तिन्ही वेळा तो तिथेच होता, एका शेळीवर ओरडत. पण उतरताना दर वळणावर एक खूण समोर यायची, अगदी तोंडासमोर. सकाळी याच दगडांना वळसा घालून आम्ही वर गेलो होतो. मी मोजायचं ठरवलं आणि थोड्या वेळानं मोजणं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढची खूण खरी आहे का, हे न तपासता पाय टाकत होतो आणि सुलभा माझ्या पुढे चालत होती. तिला कोणी वाचवलं, देवीनं की त्या म्हाताऱ्यानं, यावर मी वाद घालत नाही. मला दोघांचेही उपकार मानायचे आहेत आणि त्यासाठी निवाडा करायची गरज मला वाटत नाही.

तपासणी काल झाली. रिपोर्ट परवा मिळायचा आहे, त्यामुळे तो कसा येईल हे मला हे लिहिताना माहीत नाही. आज सकाळी देवासमोर उभा राहिलो तेव्हा सवयीनं तोंडात शब्द आले होते, रिपोर्ट नीट आला तर मी अमुक करीन. ते मी गिळून टाकले. आतल्या खोलीतून सुलभाच्या गाण्याचा आवाज येत होता. तिच्याबरोबरचे हे एवढे दिवस मिळाले, तेवढ्यासाठी मी डोळे मिटले आणि काहीही कबूल न करता हात जोडले.