हिरवा आलेला माळ

नातीनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आज्जी, बघ, तुझा माळ हिरवा आला."

ती नांदेडला वन्यप्राण्यांवर काम करणाऱ्या एका गटात आहे. ऊन असंच वाढत गेलं तर कुठली जनावरं आधी मरतील, याचा नकाशा ती पोरं करून राहिलीत. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे अधलंमधलं, हिरवा म्हणजे सध्या बरं. नकाशा वनखात्याकडं जाणार आणि उन्हाळ्यात टँकर, सौरपंप आधी लाल भागाला मिळणार. हिरव्याला काही नाही. हिरव्याचं बरं चाललेलं असतं ना!

माळ देगलूर-बिलोलीच्या मधला. माझा म्हणजे काय, मी वनखात्यात कारकून होते आणि तिथल्या पाणवठ्यावरच्या मोजणीखाली वर्षानुवर्षं माझी सही. मी निवृत्त झाल्यावर तिथं कुणी मोजलंच नाही. वैशाखी पौर्णिमेला चांदणं लख्ख असतं, म्हणून खातं एक दिवस-एक रात्र पाणवठ्यांवर माणसं बसवतं. पाण्यावर येईल ते जनावर लिहायचं. गार्ड कमी पडत, मग कारकुनालाही मचाणावर चढवत.

"कशावरून हिरवा?" मी विचारलं.

"तुझ्याच तक्त्यांवरून. बाकी माळांवरचे आकडे घसरलेत. तुझ्याकडं काळवीट, खोकड, तरस, सगळे जागच्या जागी. म्हणजे तिथं काहीतरी चांगलं आहे."

चांगलं होतं खरं. खीर.

मोजणीची पौर्णिमा तीच आमची बुद्धपौर्णिमा. वस्तीतल्या विहारातली खीर आपल्या हाताशिवाय होतच नाही, असा त्या बयेचा समज. बया म्हणजे मीच, पस्तिशीतली. साडीला पिना, खांद्याला पर्स, डोक्यात हवा. पहिल्या वर्षी ती खरोखर रात्रभर बसली. एक तरस आलं, कान फिरवत पाणी प्यालं, आणि हिनं पर्स अशी छातीशी धरली, जणू ते पर्सच पळवायला आलंय. दुसऱ्या वर्षापासून दिवस मावळायच्या आत खाली उतरून शेवटची एसटी गाठायची. तक्ता? गेल्या वर्षीचा समोर घ्यायचा. एखादं काळवीट वाढवायचं, एखादं खोकड कमी करायचं, म्हणजे खरं वाटतं. तरस मात्र एकच. कागदावरसुद्धा त्याला जोडीदार द्यायची हिंमत झाली नाही. साहेब म्हणायचे, "बाईंचं अक्षर बघा." अक्षर लई सुंदर होतं.

"नकाशा कधी जाणार?"

"सोमवारी."

"त्याआधी मला माळावर ने."

गुडघे कुरकुरले, पण मी गेले. सकाळी अकरालाच तोंडापुढं तवा धरल्यासारखं ऊन. पाणवठा म्हणजे सिमेंटची मोठी बशी. तिला आरपार तडा, तळाशी चिखलाच्या खपल्या, आणि काठावर एक खोकड, वाळून चामडं झालेलं, तोंड बशीत. नातीनं फोन वर केला आणि फोटो न काढताच खाली घेतला.

मेंढ्यांमागून एक बाई आली. "मोजायला आलाव का? लई उशीर केला, माय. काळवीट काही विहिरीत पडली, काही तेलंगणाकडं गेली. तरस हुतं म्हणून पोरांला सांगितलं तर खोटं वाटतंय त्यांला."

"पाणी कोणी टाकत नाही?" नातीनं विचारलं.

"कोण टाकंल? कागदावर जनावरं मजेत हायती म्हणं. ज्यानं लिवलं त्याचे हात झडो."

"हाव, झडो," मी म्हटलं.

परतताना गाडीत नातीला सगळं सांगितलं. ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"किती वर्षं?"

"पहिलं सोडून सगळी."

"मी गटात सांगत सुटले होते, आज्जी. माझ्या आज्जीचे तक्ते सगळ्यात नीट म्हणून."

घरी आल्यावर तिनं माझे आकडे काढून टाकले. माळ क्षणात राखाडी झाला.

"आता लाल होईल ना?"

"नाही. राखाडी म्हणजे माहिती नाही. एका वर्षाच्या आकड्यावर रंग देता येत नाही."

"अगं, आपण डोळ्यांनी बघून आलो की!"

"एकदा बघितलेलं धरत नाहीत. निदान तीन उन्हाळ्यांची मोजणी लागते."

"आणि तोवर पाणी?"

"राखाडीला पाणी नाही, आज्जी."

तीन उन्हाळे. खोटं लिहिलं तेव्हा पाणी नाही, खरं सांगितलं तरी नाही. मी काही बोलायला गेले, तर तिनं नकाशा खाली सरकवला. थेट लातूरपर्यंत आणखी सहा-सात हिरवे ठिपके होते.

"हे तरी खरे ना?"

मला त्या त्या मचाणावरची माणसं आठवली. एकाला सापाचं भ्या, एकाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली. एकजण तर विश्रामगृहात पंख्याखाली झोपायचा आणि सकाळी मलाच फोन करायचा, "बाई, तरस किती धरलंय यंदा?" आणि मी सांगायचे. तेही ऐटीत!

मी पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिनं तो पुसला. मग दुसरा, तिसरा. निलंग्याकडच्या शेवटच्या ठिपक्यावर कोण बसायचं, ते मला खरंच ठाऊक नव्हतं.

"तो राहू दे," मी म्हटलं. "तिथला माणूस बसला असेल."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं, आणि तोही पुसला.