लाकडी बाईचा कान

यमुनाबाई टिपणीसांशी वाकड्यात शिरायचं असेल, तर माणसाने आधी स्वतःच्या झोपेची सोय बघावी. डॅफ्नी हॉलिसने बघितली नाही, तिथंच फसली.

साउथहॅम्प्टनहून बसने निघालं की तासाभराने विदरी गाव लागतं. तिथं दोन पब, एक बंद पडलेलं पोस्ट ऑफिस आणि एक चर्च. अख्खं ओकचं! भिंती म्हणजे उभे चिरलेले ओंडके, एकमेकांना खेटून रोवलेले. आत शिरलं की उपड्या होडीच्या पोटात उभं राहिल्यासारखं वाटतं. तुळया काळ्याकुट्ट, त्यांच्या आडोशाला वटवाघळं. त्यांना हुसकायला कायद्याने मनाई, म्हणून त्यांच्या लेंड्या पडू नयेत यासाठी रविवार सोडून वेदीवर कायम चादर.

यमुनाबाईंचे यजमान शशिकांत म्हणजे हॉस्पिटलातले भूल देणारे डॉक्टर. घरी गणपती बसवणारा माणूस, पण रिटायर झाल्यावर या लाकडाने त्यांनाच भूल घातली. दर शनिवारी मधमाश्यांचं मेण घेऊन बाकं घासायला हजर.

"अहो, घरातलं डायनिंग टेबल धूळ खातंय!" यमुनाबाई टोमणा मारायच्या.

"ते आयकियाचं आहे गं," असं त्यांचं उत्तर.

ते गेले, तेव्हा बाईंनी त्यांच्या नावाने उशी भरली. प्रार्थनेला गुडघे टेकायच्या अशा उश्या गावातल्या बायका भरतात, आपापल्या माणसांच्या आठवणीसाठी. बाईंनी झेंडूची माळ काढली, दोन मधमाश्या काढल्या, खाली देवनागरीत 'शशिकांत'. यजमान नेहमी टेकायचे त्या तिसऱ्या बाकाशी ठेवली. पुढच्या रविवारी उशी गायब! सापडली झाडू-बादल्यांच्या कपाटात. आणि तिच्या जागी? डॅफ्नीच्या दिवंगत लॅब्रॅडॉरची उशी.

डॅफ्नी म्हणजे चर्चची कारभारीण. "जरा भडक होती, यमुना," ती गोड हसली. "आपल्या परंपरेत नाही बसत."

परंपरा! बाईंच्या अंगावर पदर नव्हता, कार्डिगन होतं. तरी गाठ घट्ट बसली. उशी त्याच बाकाशी परत येणार, आणि डॅफ्नीच स्वतःच्या हाताने आणून ठेवणार.

पाहुण्यांना चर्च दाखवायचं काम थंडीमुळे कुणी घेत नव्हतं. बाईंनी शाल गुंडाळली आणि घेतलं. डॅफ्नीच्या खास बाकाच्या टोकाला एक बाई कोरलेली होती: डोक्याला फडकं, लांब हनुवटी, ओठ बटव्याची नाडी ओढल्यासारखे आवळलेले. कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. यमुनाबाईंना तेवढंच हवं होतं.

"ही जुन्या कारभाऱ्याची बायको," त्या आवाज खाली आणून सांगायच्या. "हिने एका विधवेची उशी बाहेर फेकली. सुतार चिडला, त्याने हिला इथंच कोरून टाकलं. उशी जागेवर येईपर्यंत हिने गावाची गाऱ्हाणी ऐकायची. सांगा, कानात सांगा. फार जुनी परंपरा आहे."

माहेरी शंकराच्या देवळात नंदीच्या कानात असंच गाऱ्हाणं घालतात, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

इंग्रज माणसाला परंपरा कुणी सुरू केली हे विचारणं असभ्य वाटतं. रांग दिसली की तो मागे उभा राहतो. ख्रिसमसपर्यंत लाकडी कान चकाकायला लागला. दर रविवारी डॅफ्नी बाकावर ताठ बसलेली आणि तिच्या खांद्याशी वाकून कुणी सुनेबद्दल कुजबुजतोय, कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल. फुलं लावणाऱ्या मॉरीनने तर चक्क डॅफ्नीबद्दलच सांगितलं, आणि तेही डॅफ्नीला नीट ऐकू जाईल अशा बेताने!

यमुनाबाईंची मुलगी उर्वी कार्डिफहून आली, रांग बघून थक्क झाली. "आई, हा स्टोरी तू मेड अप केलास ना? धिस इज सो मीन!"

"परंपरा अशाच सुरू होतात, बाळ. कुणीतरी कुणावर तरी भडकलेलं असतं."

ईस्टरच्या आदल्या रविवारी डॅफ्नी लवकर आली. तिने कपाट उघडलं, उशीवरची धूळ झटकली आणि सगळ्यांच्या देखत तिसऱ्या बाकाशी नेऊन ठेवली. लॅब्रॅडॉर काखेत मारला.

"आता ती गोष्ट बंद करशील?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

यमुनाबाई उशीपाशी गेल्या. त्यांचे गुडघे गणपतीपुढेसुद्धा टेकत नव्हते, इथे टेकले. झेंडूवरून एकदा हात फिरवला. "अहो, आलात का जागेवर," एवढंच म्हणाल्या.

मग बाकाला धरून उठल्या, निघता निघता डॅफ्नीच्या बाकाशी थांबल्या, आणि लाकडी बाईच्या कानाशी वाकून चांगला वेळ काहीतरी पुटपुटल्या. अस्सल मराठीत. मध्येच हसल्यासुद्धा.

डॅफ्नीच्या गळ्यापासून लाली चढली. "काय सांगितलंस तिला?"

"काही नाही गं," यमुनाबाई शाल सावरत म्हणाल्या. "म्हटलं, एवढ्यात उठू नकोस. कुत्र्याची उशी होती ना मध्ये, ते गाऱ्हाणं अजून राहिलंय."