खोक्याचा वरचा थर

आमच्या धाकट्या जाऊबाईंना कारखान्यात सगळे इस्त्री म्हणतात. शर्टाची घडी अशी घालते की सुरकुती औषधाला सापडायची नाही. स्वभावही तसाच. नवरा तिरसटासारखा बोलला, दाढ दुखून गाल सुजला, तरी कुणी विचारलं की, "काही नाही, मस्त चाललंय." माझं अगदी उलट. मला राग आला की तो शेजारच्या टेबलालाही कळतो. आम्ही दोघी पॅकिंगला, एकाच टेबलावर.

पॅकिंगची एक रीत आधी सांगून ठेवते. माल तपासायला येणारा साहेब खोकं उघडतो, वरचा थर चाळतो आणि शिक्का मारतो. खाली हात घालायचा त्याला कंटाळा. म्हणून तिरकी शिलाई, तेलाचे डाग सगळे तळाला आणि देखणे शर्ट वर. हे कुणी शिकवत नाही, बघून बघून हाताला सवय होते. इस्त्रीचं खोकं कधी म्हणजे कधी परत आलं नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिच्या मांडीवर मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा सुरुवातीलाच गेलं. तिसऱ्यांदा टिकलं, तेव्हा माझ्या दिरांनी सायकलची घंटी काढून ठेवली. बाळ दचकेल म्हणे! आम्ही हसलो, पण घरात सगळेच दबक्या पावलांनी चालायला लागलो.

सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं, तर साखर जास्त. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गरोदरपणातला मधुमेह आहे. घाबरू नका. खाण्यावर ताबा ठेवा, दर पंधरवड्याला रक्त दाखवा. नाहीच भागलं तर इन्सुलिन सुरू करू." इन्सुलिन म्हटल्यावर ही घाबरली. सुई पोटात टोचायची, आणि पोटात तर बाळ! ते औषध बाळापर्यंत पोचत नाही, हे डॉक्टरबाईंनी परोपरीने समजावलं. हिने मान डोलावली आणि मनातलं मनातच ठेवलं.

मग बाईसाहेबांनी काय करावं? रक्त द्यायच्या आधी दोन दिवस नुसती काकडी आणि उकडलेली अंडी. हे मला फार नंतर कळलं. मला दिसायची ती रक्त देऊन आल्यावरची इस्त्री: गोड चहा, बिस्किटांचा पुडा, जेवणावर आडवा हात. एकदा मी पुडा हिसकावून घेतला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तर म्हणते, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग?" दर पंधरवड्याला माल पास होत होता.

आठव्या महिन्याच्या शेवटी सोनोग्राफीत बाळ भलतंच मोठं दिसलं. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. या वेळी त्यांनी निराळी तपासणी सांगितली. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते आणि ती दोन-तीन महिने सुटत नाही. तेवढी मोजली की मधले सगळे दिवस उघडे पडतात, दोन दिवसांचा उपास तिथे कामाला येत नाही. खोकं तळापासून उघडलं म्हणायचं. निकाल बघताच त्यांनी फोन केला, "उशीर करू नका, भरती व्हा."

मी पिशवी भरत होते. इस्त्री पलंगावर बसून पोटावरून हात फिरवत होती. म्हणाली, "ताई, सकाळपासून हलला नाही गं."

"झोपला असेल," मी म्हटलं.

झोपला नव्हता. मुलगा होता, चांगला गुटगुटीत. बघणाऱ्याला वाटलं असतं, आता रडेल.

डॉक्टरबाईंनी दिरांना आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. आईच्या रक्तातली जादा साखर बाळाकडे जात राहिली. ती जिरवायला बाळाचं शरीर स्वतःच इन्सुलिन करत राहिलं आणि फुगत गेलं. मोठ्या अंगाला प्राणवायू जास्त लागणार, आणि बाळाला पोसणाऱ्या वारेतल्या रक्तवाहिन्या तर त्याच साखरेने जाड आणि अरुंद झालेल्या. शेवटी पुरला नाही. "वेळेवर इन्सुलिन मिळालं असतं तर बहुतेक..." म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तिच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांनाही धोका आहे. दरवर्षी तपासायला हवं. विसरू नका."

दीर रडत म्हणाले, "वहिनी, तिला यातलं काही सांगू नका. आधीच मेल्यासारखी झालीय." माझा जीव तुटला. मी हो म्हटलं.

आत ती उशीला टेकून बसली होती. कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कापडाचं तिने शिवलेलं झबलं मांडीवर होतं. "काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

"काही नाही गं. नशीब आपलं. तुझ्या हातात काही नव्हतं."

तिने मान वर केली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा चिडलेली पाहिली.

"ताई, मला वरचा थर नको दाखवूस."

मग मी सांगितलं. सुईचं, साखरेचं, वारेचं, तिच्या रक्तवाहिन्यांचं, सगळं. मध्ये एकदाच तिने तोंड उघडलं. "वाचला असता?"

"बहुतेक वाचला असता."

ती रडली नाही. मांडीवरचं झबलं तिने सरळ केलं आणि बाह्या आत दुमडायला घेतल्या. पुन्हा उलगडलं, पुन्हा दुमडलं. मी बाजूला उभी होते. तिला घडी घालता येईना.