लग्नघरचं पाणी

मैनुद्दीनभाईंना यज्ञेश्वर कितीसा ओळखत होता? खरं सांगायचं तर फारसा नाही. घर कुठं, मुलंबाळं किती, काही ठाऊक नव्हतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते, सायकलवरून यायचे, एवढंच.

ते शनिवार पेठेत पहिल्यांदा आले ते नेमके लग्नाच्या आदल्या दिवशी. यज्ञेश्वरच्या मुलीचं लग्न अंगणातच होतं, आणि आळीतली पोरं जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात पडलेली. नळाचं पाणी मात्र दिसायला नितळ.

मैनुद्दीनभाईंनी स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड शेकलं.

"नळाला ओवाळताय वाटतं?" शेजारचे दत्तोबा म्हणाले.

"तोटीवरचे जंतू बाटलीत यायला नकोत. पाण्यातले यायला हवेत."

"निकाल कधी?" यज्ञेश्वरनं विचारलं.

"पाणी नळ्यांत घालून उबेला ठेवतो. आतल्या उपड्या छोट्या नळीत उद्या बुडबुडा जमला, तर जंतूंचा संशय. खात्रीला आणखी वेळ लागतो."

"अहो, लग्न उद्या आहे!"

"जंतूंना मुहूर्त कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मांडवात सनई सुरू झाली, पिंपं भरली, आणि मैनुद्दीनभाई दारात उभे. यज्ञेश्वर धावत पुढे आला.

"बुडबुडे?"

"आलेत. पण खात्री होईपर्यंत पाणी खराब आहे, असं मला म्हणता येत नाही."

"मग चांगलं आहे म्हणा!"

"तेही नाही."

वऱ्हाड कोपऱ्यावर आलं होतं. यज्ञेश्वरची बायको सरोजिनीबाई रीतीप्रमाणे पाण्याचा पेला घेऊन आल्या. मैनुद्दीनभाईंनी तो हातात घेतला, पाहिला, आणि तसाच कट्ट्यावर ठेवला.

"आमच्या घरचं पाणी चालत नाही वाटतं?"

"आज कुणालाच चालू नये, बाई."

सरोजिनीबाई पदर खोचून आचाऱ्यावर ओरडल्या, "सगळी पिंपं ओता! जिलब्या राहू द्यात, आधी चुलाणावर पाणी उकळा!"

"वहिनी, पंगतीला उशीर होईल," दत्तोबा म्हणाले.

"होऊ दे."

वरपक्ष कोमट पाणी पीत कुरकुरला. आजारी मात्र कुणी पडलं नाही.

पुढे खात्रीही झाली. रस्त्याखाली गटाराशेजारचा पाइप फुटला होता. तो बदलल्यावर मैनुद्दीनभाई पुन्हा बाटली भरून घेऊन गेले, आणि नळ्यांत काही आलं नाही हे सांगायला भर उन्हात आले.

"जरा पाणी देता?"

यज्ञेश्वरनं नळाखाली पेला धरला. त्यांनी तो एका दमात संपवला.

"आणखी?"

"नको. पुरे."