बेबीताईंची आशयगर्भ कादंबरी

मुकुटबनच्या बेबीताईंच्या घरून उपाशी परत आलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. घरपट्टी मागायला आलेला असो, सिलिंडर आणून देणारा असो की नुसता पत्ता विचारायला थांबलेला असो, सगळ्यांना ताटावर बसावंच लागतं. तिथली रीतच अशी की पाहुण्यानं आधी "नाही नाही, आत्ताच जेवून आलो" म्हणायचं आणि घरच्या बाईनं ते ऐकूनच पीठ मळायला घ्यायचं. पहिलं "नाही" जो खरं मानतो तो चिकट, आणि पहिल्याच हाकेला जो ताटावर बसतो तो हावरट. दोघांचीही नंतर गावभर शोभा होते. आग्रहाच्या या कामात बेबीताईंचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं.

अशा बाईनं कादंबरी लिहिली. यात दैव कोणाचं फुटलं, बाईंचं की पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

कादंबरी चांगली जाडजूड होती. कापसाची वेचणी आणि सोयाबीनची काढणी सांभाळून बाईंनी ती भर दुपारी, गाव झोपलेलं असताना लिहिली. बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवाल्या कपिलनं टाइप करून दिली. त्याच्याकडे एरवी सातबारा आणि पीकविमा यायचा, कादंबरी पहिल्यांदाच आली. "कशी वाटली रे?" असं बाईंनी मोठ्या आशेनं विचारलं, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काकू, टाइप करतानी वाचत बसलं तर लय चुका होतेत." घरी यजमान रामराव होते. छापील कागदांचा एक गठ्ठा त्यांना दिला होता, आणि पंधरवड्यानं त्यांनी "एक नंबर" असा निकालही दिला होता. आता फक्त प्रकाशक तेवढा राहिला होता.

पुण्याच्या एका नामवंत प्रकाशनाकडून उत्तर आलं. कपिलनं ते छापून हातात दिलं. "आपलं हस्तलिखित आस्थेनं वाचलं. लेखन आशयगर्भ असून भाषेला मातीचा गंध आहे. तथापि आमच्या आगामी पुस्तकांचं नियोजन पूर्ण झाल्यानं तूर्त आपल्या कृतीचा विचार करता येत नाही, याचा खेद वाटतो. पुढील लेखनास हार्दिक शुभेच्छा."

आता या मजकुरात खरा शब्द एकच, "नाही", बाकी सगळी कोथिंबीर. मातीच्या गंधाचं तर विचारूच नका. विदर्भातून गेलेल्या प्रत्येक कागदाला पुण्यात मातीचा गंध येतो, लिहिणारा टाइल्सच्या फरशीवर पंखा लावून बसलेला असला तरी येतो. पण बेबीताईंनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आत्ताच जेवून आलो म्हनून राह्यले," त्या कपिलला म्हणाल्या. "वाढाचं म्हना आता."

शेजारच्या विमलताईंनी तेच पत्र चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. "अवं बेबी, आमच्या चंदाच्या वेळी अस्संच सांगतलं होतं पाहुण्यायनं. पोरगी लय गुणाची हाय, पन यंदा आमाले लग्नच नाही कराचं. अन् त्याच उन्हाळ्यात पोराचा बार उडवला त्यायनं."

"पोरीचं येगळं, पुस्तकाचं येगळं," बेबीताई म्हणाल्या आणि विमलताईंना चहा प्यायला बसवलं.

त्यांनी कादंबरी पुन्हा पाठवली, सोबत "आपण संकोच करू नये" अशी ओळ घालून. पुण्याहून तेच उत्तर आलं, फक्त तारीख बदललेली. हे दुसरं "नाही" झालं, म्हणजे पाहुणा आता हात धुवायला उठणारच, असा बाईंचा हिशेब. दरम्यान मुंबईच्या एकानं कळवलं की आपली शैली आमच्या यादीच्या पलीकडची आहे. पलीकडची म्हणजे वरची, हे बाईंनी एका दमात ओळखलं. दुसऱ्यानं लिहिलं की या कादंबरीचा वाचकवर्ग वेगळा आहे. कुठे राहतो तो वर्ग, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. कपिलही आता या शास्त्रात तयार झाला होता. "काकू, 'तूर्त' म्हनते तो. तूर्त म्हंजे आज नाही, पन उद्याचं काही सांगता येत नाही."

तिसरा आग्रह मुकुटबनात तोंडी होत नसतो, ताटातच पडतो. बाईंनी कादंबरीचा गठ्ठा कापडात शिवला आणि त्याच्याबरोबर घरच्या तुरीची डाळ पुण्याला धाडली.

या वेळी उत्तर लवकर आलं, आणि चांगलं लांबलचक आलं. "आपण प्रेमानं पाठवलेली डाळ मिळाली. चव अप्रतिम! थोडे खडे निघाले, आणि आमच्याकडच्या पाण्यात शिजायला वेळ लागला. पण लसणाची फोडणी दिल्यावर घरातली सगळी मंडळी खूश झाली. साल जरा राहिलंय, पुढच्या वेळी पाहावं. आपली कादंबरीही आवडली. लेखन आशयगर्भ आहे. तथापि..."

"अभिनंदन काकू!" कपिल म्हणाला. "या खेपेले तर घरचीबी मंडळी खूश हाय."

बेबीताईंनी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांनी उभा जन्म लोकांना वाढण्यात घालवला होता, आणि जेवलेला माणूस कसा बोलतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो मिठाचं बोलतो, तिखटाचं बोलतो, वरण पातळ झालं म्हणतो. डाळीला खडे होते, साल होतं, पाणी होतं, लसूण होता. कादंबरीला नुसता आशय होता. पुण्याच्या माणसानं डाळ खाल्ली होती आणि कादंबरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बाईंना फार वाईट वाटलं. नापसंत केली असती तर त्या चार दिवस भांडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी मन ओतून लिहिलं होतं, आणि जगात एकाही माणसानं ते वाचलं नव्हतं.

एकाही? घरी येताना रस्त्यातच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या रामरावांना रोजच्या भाजीत, चहात, अंथरुणात आणि जावयात काही ना काही खोट सापडते, त्यांना एवढ्या पानांत एकही सापडली नव्हती.

रामराव अंगणात खाटेवर बसले होते. "कादंबरी वाचली तुमी?" बाईंनी विचारलं.

"हो ना. एक नंबर."

"त्यातल्या बाईचं नाव सांगा."

रामरावांनी गोठ्याकडे पाहिलं, जणू म्हैस सांगेल. "नावं कोठं ध्यानात राह्यते आता."

"नका वाचू," बेबीताई शांतपणे म्हणाल्या. "पन एक नंबर म्हनू नका. तुमीबी पुन्याचेच निंगाले."

त्या दिवसापासून रामरावांच्या ताटात भाकर एकच पडू लागली. मागितली तर दुसरी मिळायची, पण आग्रह बंद. परक्यासारखं ते जेवण त्यांच्या घशाखाली उतरेना. शेवटी एके सकाळी ते रानडुकरांपासून हरभरा राखायला म्हणून निघाले, काखेत गठ्ठा आणि खिशात चष्मा. डुकरांना चष्म्यातून पाहावं लागतं हे गावाला नव्यानं कळलं. असं आठवडाभर चाललं.

कादंबरीत सुगंधा नावाची बाई आहे. नवरा काहीतरी लागट बोलतो, ती पोराला कडेवर घेऊन माहेरी जाते. तो न्यायला येत नाही. ती वाट पाहते, मग शिवणकाम सुरू करते आणि परत जातच नाही. मुकुटबनात कोणालाही विचारा, बेबीताई त्यांचा मुलगा अंकुर तान्हा असताना अशाच वणीला माहेरी गेल्या होत्या आणि दसऱ्याला आपल्या बापाबरोबर, मान खाली घालून परत आल्या. घरात त्या विषयावर पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही.

वाचून झाल्यावर रामराव संध्याकाळी तणतणतच घरात शिरले.

"कार्तिकात तूर कापली तुनं? कार्तिकात तूर फुलावर असते!"

"मंग?" बेबीताईंचे डोळे चमकले.

"अन् लग्नाच्या पंगतीचं किती लांबवलं वं? झोप लागली मले बांधावर. निम्मं काप ते. अन् तो मानूस, सुगंधाचा नवरा, दर दोन पानाले शिव्या देते. एवढ्या शिव्या देत होतो काय म्या?"

"अखीन?" बाई हरखून विचारत होत्या. इतका मोठा अभिप्राय त्यांना अख्ख्या महाराष्ट्रातून आला नव्हता.

रामराव खाटेवर बसले. गठ्ठा मांडीवर ठेवून बराच वेळ त्याची दोरी बांधत राहिले. "अन् एक साफ खोटं हाय," ते म्हणाले. "तो तिले आनाले गेला नाही म्हनून लेह्यलं तुनं."

"खोटं कायले? कोन आलतं?"

"म्या गेलतो." त्यांनी मान वर केली नाही. "वणीच्या स्टँडवर उतरलो. तुया बापाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलतो. तू ओट्यावर गहू निवडत होती. बहिनीसंगं हासत होती. मले वाटलं, इथं सुखात हाय बाई, आपन कायले जाव मधात. आलेल्या गाडीनं वापस आलो."

 एवढ्या वर्षांचा राग कुठे ठेवावा हे बेबीताईंना कळेना, आणि रडू आलं त्याचाही राग आला. मग त्यांनी तो गठ्ठा रामरावांच्या मांडीवरून ओढून घेतला.

"गहू निवडाले घरात जागा नोती काय?" त्या ओरडल्या. "मी रोज रस्त्यावरच्या ओट्यावर कायले बसत होती वाटते तुमाले?"