वर्दीवरच्या सुरकुत्या

कॉलनीतल्या फोटोवेड्यांच्या ग्रुपवर दर आठवड्याला एक विषय यायचा. या वेळचा विषय होता ‘सुरकुत्या’. इस्त्रीवाल्या मावशींची कळी खुलली. सुरकुत्यांशी त्यांचं जन्माचं वैर, मग त्यांच्याइतकी ओळख आणखी कुणाला असणार?

पण हात ऐकतील तर शपथ! गठ्ठ्यात एखादी झकास चुरगळलेली बाही दिसली की मावशी एका हाताने मोबाईल चाचपायच्या, आणि तो सापडेपर्यंत दुसरा हात इस्त्री फिरवून मोकळा व्हायचा. चादरी गेल्या, उशांचे अभ्रे गेले, फोटो काही निघेना. “मेल्या हातांना जरा धीर नाही,” म्हणत त्यांनी स्वतःच्याच हातावर चापट मारली.

संध्याकाळी लेक ड्युटीवरून आली. ती शहरात बस चालवते. पाणी प्यायला माठाकडे वळली, तशी मावशींना तिची पाठ दिसली. दिवसभर सीटला घासून वर्दीच्या शर्टाचा पार बोळा झाला होता.

“हलू नकोस गं!” मावशी ओरडल्या. लेक दचकून जागीच थांबली. या वेळी मोबाईल हातात होता आणि इस्त्री थंड पडली होती.

फोटो ग्रुपवर पडताच समोरच्या शिंपीणबाईंनी टोमणा मारला, “इस्त्रीवालीच्याच घरात हे ध्यान?”

मावशींनी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं, “सकाळी कडक इस्त्री मीच करून दिली होती. त्यानंतर अर्ध्या गावाला घरी पोचवून आलीये माझी पोर. यातली एकेक सुरकुती तिने कमावलीये!”