वहिनीच्या मुनिया आणि मशीनवरचं स्टिकर

"मिनू, माझ्या मुनिया पळवल्या गं कुणीतरी!"

एवढं एकच वाक्य, मागे मशिनांचा खडखडाट, आणि रेकॉर्डिंग खलास. वैशालीवहिनीचा हा निरोप मी जर्मनीत, आमच्या नगरपालिकेच्या कॅन्टीनमध्ये बटाट्याचं सूप ढवळत ऐकला. लगेच फोन लावायची सोय नाही. अमिरातीत नेहमीच्या अ‍ॅपवरून मेसेज जातो, कॉल लागत नाही. त्यासाठी मान्यता असलेलं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं आणि ते मी हट्टानं घेतलेलं नाही. (हट्ट कसला, म्हणाल. माझ्या घरच्या गप्पा कुठल्या दारातून जाव्यात हे दुसऱ्यानं ठरवलेलं मला चालत नाही, हा हट्ट.) मग आम्ही दोघी अर्धा तास एकमेकींना रेकॉर्डिंगं पाठवत बसलो, आणि सूप गार झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझा मोठा भाऊ नंदूदादा आणि वैशालीवहिनी शारजाच्या औद्योगिक भागात भरतकामाचा कारखाना चालवतात. दादा शाळांच्या गणवेशांवर बिल्ले भरतो, त्यावर घर चालतं. वहिनी पैठणीच्या काठांची नक्षी मशीनवर उतरवते. कोयरी, कमळ, आणि मुनिया, म्हणजे काठावरचे ते छोटे पोपट. कागदावर काढायचं, मग संगणकावर एकेक टाका बसवायचा. पंधरा वर्षं ती हे करतेय. त्याच मुनिया तिला बर दुबईच्या एका दुकानात, दुसऱ्याच्या ब्लाउजपीसवर बसलेल्या दिसल्या होत्या.

मी नगरपालिकेच्या संगणक विभागात काम करते आणि गेली काही वर्षं एकाच गोष्टीसाठी भांडतेय: लोकांच्या कराच्या पैशातून घेतलेलं सॉफ्टवेअर लोकांच्या ताब्यात असावं, उघडून बघता यावं, दुरुस्त करता यावं. सहकारी मला कंटाळले आहेत. म्हटलं चला, थोडं घरच्यांनाही कंटाळवू. रजा टाकली.

शारजा

जानेवारीत जा, दुसरा महिना बघूच नका. हवा अशी की स्वेटर बॅगेतच राहतो. दुबई विमानतळावरून शारजाला यायचं तर संध्याकाळ टाळा. सगळं जग त्याच वेळी त्याच रस्त्यावरून घरी जात असतं. दादा न्यायला आला होता. वाटेत त्यानं पार्किंग, टोल, गाडीचा दंड, इराच्या शाळेची फी, सगळं फोनवरून उरकलं आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं.

"बोल. तुमच्याकडे पत्ता बदलायचा तर काय करता?"

"कचेरीत वेळ मागते."

"किती दिवसांनी मिळते?"

"मिळते," मी म्हटलं. तो स्टिअरिंगवर हात आपटून हसला. ह्यात तो खरा आहे, मी नाकारत नाही. युरोपात आम्ही स्वातंत्र्यावर परिसंवाद घेतो आणि निमंत्रण कागदी टपालानं पाठवतो. इथलं सरकार खिशात मावतं. माझं म्हणणं एवढंच की सोय मिळाली म्हणजे चावी मिळाली असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. हा भाग कुठल्याच पर्यटन पुस्तकात सापडणार नाही, पण बघाच. गॅरेजं, सुतारकाम, लोखंडाचे सांगाडे, टायरांचे ढीग. मध्येच एखाद्या खिडकीतून दोन दिरहमचा कडक चहा. "पन्नास रुपये समज," वहिनी म्हणाली. वीस वर्षं झाली तरी प्रत्येक घोटाला तिचं रुपयांत रूपांतर चालूच.

दादाच्या कारखान्यात दोन नवी कोरी मशिनं उभी होती. जुनं मशीन त्यानं गेल्या वर्षी डीलरला बदल्यात दिलं. नवी मशिनं इंटरनेटला जोडलेली, नक्षी थेट कंपनीच्या साठ्यातून येते, पेन ड्राइव्हची भानगड नाही. त्यासोबत सॉफ्टवेअरही बदललं. आधीचं एकदा विकत घेतलं की आपलं. नवं वर्षाच्या भाड्यानं. जुन्या संगणकावरच्या वहिनीच्या सगळ्या फायली डीलरच्या माणसानं कंपनीच्या साठ्यात चढवल्या आणि संगणक पुसून दिला. आता भाडं थांबवलं तर वहिनीला तिचीच नक्षी उघडता येत नाही. आणि भाडं थांबवायचंच होतं, कारण पोपट!

"अटींमध्ये काय लिहिलंय ते वाचलं होतं का कुणी?" मी विचारलं.

दादा बॉबिन शोधू लागला. वहिनीनंच सांगितलं. डीलरच्या शोरूममध्ये गणवेशाच्या ऑर्डरचे फोन वाजत होते, एका हातात चहा. पडद्यावर लांबलचक मजकूर आला. दादा म्हणाला, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, खलास, आणि अंगठ्यानं 'मान्य' दाबून टाकलं.

"सगळेच दाबतात," दादा म्हणाला.

माझी भाची इरा, अकरावीतली, कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिनं तोच मजकूर स्वतःच्या फोनवर काढला आणि न अडखळता वाचला. "आत्या, इट्स राइट हिअर. दे कॅन ऑफर युवर डिझाइन्स टू अदर कस्टमर्स." मला इतका संताप आला की कान गरम झाले. चोरी म्हणावी तर चोरीही नाही; माझ्या भावानं चहा पिता पिता बायकोची पंधरा वर्षं देऊन टाकली होती, आणि घेणाऱ्यानं ती घेतली होती.

बर दुबई

मला स्वतः बघायचं होतं. शारजाहून बर दुबईला गाडी नेऊ नका, पार्किंगच्या शोधात दिवस जाईल. दादा, वहिनी आणि मी देरापर्यंत बसनं गेलो आणि अब्रा घेतली, लाकडी होडी, खाडीपलीकडे एक दिरहम. पाण्याचा वारा, डिझेलचा वास, शेजारी एक कुटुंब खोबऱ्याच्या वड्या खात बसलेलं. पलीकडे उतरलात की देवळाच्या गल्लीत हार-फुलंवाले, आणि मग मीना बाजार, जिथे कापड बघता बघता तुमची मान दुखेल.

दुकानदार गुजराती, अतिशय गोड. त्यानं तागा उलगडला. वहिनी काठावर बोट फिरवत गेली. चार मुनिया उजवीकडे बघणाऱ्या, पाचवी मान वळवून मागे बघणारी.

"ही बघ," वहिनी म्हणाली. "इरा लहान होती, तापानं फणफणलेली. तिला मांडीवर घेऊन काम करत होते. पाचवी चुकून उलटी बसली. गिऱ्हाइकांना तीच आवडली म्हणून ठेवली." तिचे डोळे भरले. "आमच्या घरचा ताप आहे हा, आणि इथं मीटरवर विकतायत."

"भाभी, ये तो कंपनी का डिझाइन है, सबके पास है," दुकानदार म्हणाला. त्याची काहीच चूक नव्हती, म्हणून भांडताही येईना. बाहेर येऊन आम्ही पाणीपुरी खाल्ली. उत्तम होती. रागात खाल्ली तरी.

परतीच्या बसमध्ये माझं डोकं चालायला लागलं. मशीनला नक्षीची मूळ फाईल लागत नाही, टाक्यांची फाईल लागते: सुई कुठे टोचायची, कुठे दोरा तोडायचा. ती फाईल जुन्या मशीनच्या पोटात राहते. आणि टाक्यांची फाईल उघडणारं मुक्त सॉफ्टवेअर जगात आहे. फुकट, कुणाच्याही परवानगीशिवाय, जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेलं.

"दादा, जुनं मशीन कुठे गेलं?"

"फुजैराला. सलीमभाई म्हणून आहेत एक, त्यांनी घेतलं डीलरकडून. सेटिंग विचारायला फोन करतात मला."

"त्यांनी मशीनची मेमरी पुसलीय का?"

दादानं तिथल्या तिथे फोन लावला. सलीमभाईंचं हिंदी मल्याळी वळणाचं आणि आवाज मोठा, त्यामुळे अख्ख्या बसला उत्तर कळलं. पुसायची कशी तेच माहीत नव्हतं.

फुजैरा

शारजाहून फुजैरा गाडीनं दीड-दोन तास. बसही जाते, पण गाडी असेल तर गाडीच न्या, कारण धैदच्या पुढे वाळवंट संपून हजरचे डोंगर सुरू होतात आणि तुम्हाला सारखं थांबावंसं वाटेल. गवताचं पातं नाही, नुसता तपकिरी, करडा खडक. मसाफीला रस्त्यालगतच्या बाजारात मध, फळं, गालिचे. पेरू घ्या, घासाघीस करा, लाजू नका.

दादा वाटभर धुसफुसत होता. "समजा मिळाल्या फायली. भरणार कशावर? नव्या मशीनला पेन ड्राइव्ह लागत नाही."

"जागा तर असेलच ना?"

"आहे. त्यावर स्टिकर आहे. काढलं तर वॉरंटी गेली. मिनू, हे तुझं ऑफिस नाही. मशीन बंद पडलं तर मी शाळेला काय सांगू, माझी बहीण स्वातंत्र्यसैनिक आहे?"

युरोपात आता कायदे येतायत, दुरुस्तीचा हक्क, यंत्रातली माहिती वापरणाऱ्याला मिळण्याचा हक्क, हे मी त्याला सांगितलं. "इथं आणून दाखव," तो म्हणाला.

सलीमभाई बंदरावरच्या कामगारांच्या डगल्यांवर नावं भरतात. आम्ही पोचलो तर त्यांनी आधी जेवायला बसवलं. मासा, भात, पापड. "पहले खाना, फिर मशीन." मग वहिनी तिच्या जुन्या मशीनपाशी गेली, पडदा पुसला, आणि बटणं दाबत एकेक पान पुढे सरकवू लागली. कोयरी. कमळ. मुनिया.

"आहेत गं!" ती ओरडली. "अगं आहेत सगळ्या!"

सगळ्या नव्हत्या. मेमरी भरली की मशीन सर्वात जुनं पुसतं. तिनं आपल्या आईच्या साठीला केलेला मोर गेला होता. तो ती पुन्हापुन्हा शोधत राहिली. बाकीचं सारं पेन ड्राइव्हवर आलं, माझ्या लॅपटॉपवर उघडलं, आणि पडद्यावर मुनिया टाका टाका करत उभी राहिली. सलीमभाईंनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी समुद्रावर गेलो. क्षितिजावर तेल भरायला थांबलेल्या जहाजांची रांग. मला चेव चढला होता. मी म्हटलं, "वहिनी, आता हे सगळं मुक्त परवान्याखाली टाकून दे. सगळ्यांना वापरू दे. मग कुठलीच कंपनी त्यावर कुलूप घालू शकणार नाही."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "माझं पळवलं म्हणून मी रडतेय, आणि तू म्हणतेस वाटून टाक?"

"तसं नाही गं—"

"तसंच. तुझं सॉफ्टवेअर मुक्त असू दे, मला आनंद आहे. माझी मुनिया कुणाच्या अंगावर बसेल ते मी ठरवणार. त्या कंपनीनं नाही ठरवायचं आणि तूही नाही." मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "रागावू नकोस. पेरू खा."

मी भांडकुदळ आहे, पण एवढं कळतं. सांगत मी होते स्वातंत्र्याचं, आणि निर्णय मीच घेऊन टाकत होते. पेरू खाल्ला.

पुन्हा शारजा

माझ्या परतीच्या आदल्या सकाळी वहिनी कारखान्यात आली ती थेट पहिल्या मशीनपाशी गेली. कडेला ते स्टिकर होतं, लाल, इंग्रजी आणि अरबीत लिहिलेलं.

"वैशाली, थांब. आधी डीलरला विचारू," दादा म्हणाला.

"तुम्ही 'मान्य' दाबलंत तेव्हा मला विचारलं होतं?"

तिनं दोरा कापायची छोटी कात्री घेतली, टोक खाली सरकवलं, आणि स्टिकर टर्रकन फाडलं. आत पेन ड्राइव्हची जागा, साधी, कुठल्याही यंत्राला असते तशी. पेन ड्राइव्ह आत गेला. मशिनानं जरा विचार केला आणि सुया चालू झाल्या. हिरव्या दोऱ्यात मुनियेची चोच उमटायला लागली तेव्हा इरा ओरडली, "आई, यू आर अ लेजंड!" वहिनीनं तिला आधी बॉबिन बदलायला लावली. त्याच दुपारी कंपनीच्या साठ्यातून नक्षी काढून घेण्याची लेखी मागणी तिनं पाठवली. बाजारात गेलेल्या मुनिया परत येणार नाहीत, हे तिला माहीत आहे. पण नव्या त्यांना मिळणार नाहीत.

दादा मात्र जेवताना माझ्याशी नीट बोलला नाही. "तू जाशील उद्या. निस्तरायचं आम्हाला," एवढंच. तो चुकीचं बोलत नव्हता, आणि विमानात मला तेच टोचत राहिलं.

घरी

परत आल्यावर चौथ्या दिवशी नगरपालिकेत एका कंपनीचं सादरीकरण होतं. नागरिकांची सगळी कामं एका अ‍ॅपमध्ये. सुंदर होतं. खरंच सुंदर, दादाच्या फोनची आठवण झाली. साहेब खूश. मी हात वर केला. "उद्या आम्हाला हे नको झालं, तर आमच्या लोकांची माहिती घेऊन आम्ही बाहेर कसं पडायचं?" पूर्वी हा प्रश्न मी नियमांचे दाखले देत विचारायचे. ह्या वेळी वहिनीचा फुजैरातला चेहरा डोळ्यासमोर होता, मोर शोधतानाचा, आणि आवाज आपोआप चढला. विक्रेता म्हणाला, बघून कळवतो. मी म्हटलं, लेखी कळवा, तोवर सही नाही. साहेबांनी सुस्कारा सोडला, पण सही केली नाही.

संध्याकाळी घरी आले तर रेकॉर्डिंग आलेलं. वहिनीचं असेल वाटलं, आवाज दादाचा निघाला. मागे तोच खडखडाट.

"मिनू, डीलरचा माणूस आला होता. म्हणाला, पहिल्या मशीनची वॉरंटी गेली. वर म्हणाला, दुसऱ्याला हात लावू नका, नाहीतर त्याचीही जाईल. त्याच्यासमोरच दुसऱ्याचंही स्टिकर फाडलं मी. वैशाली म्हणते, कात्रीनं करायचं होतं, नखानं कशाला."